कुत्र्याची खाज आणि माणसाची घाई

दिवाळी अंकात कुत्र्याच्या कातडीवर लेख लिहिणारा माणूस एक तर विषयांच्या दुष्काळात सापडला असला पाहिजे, नाही तर त्याचे डोके तरी फिरले असले पाहिजे, असे वाचकांना वाटेल. कथा, कविता, प्रवासवर्णने आणि वार्षिक राशिभविष्य अशी पंगत मांडलेली असताना पानात खपल्या आणि पू वाढणे शिष्टाचाराला धरून नाही, हेही मला मान्य आहे. परंतु गेली दोन वर्षे एका कुत्र्याच्या कातडीने मला जेवढा विचार करायला लावला, तेवढा एवढ्यात वाचलेल्या एकाही ग्रंथाने लावलेला नाही. आणि त्या विचाराच्या शेवटी माझे जे मत झाले ते मऊ शब्दांत सांगण्याजोगे राहिलेले नाही.

ते मत असे. कुत्र्यांचे चिवट त्वचारोग ओळखायला अवघड असतात, हे खरे. पण निसर्गाने ते जेवढे अवघड केले आहेत, त्याहून कितीतरी अधिक अवघड ते माणसे करून ठेवतात. हे काम ज्या हत्याराने होते ते म्हणजे खाज थांबवणारी एक सुई. ही सुई टोचणारा हात डॉक्टरचा असतो. पण ती त्याच्या हातात बळेच देणारा बहुतेक वेळा कुत्र्याचा मालक असतो. ह्या दोघांविरुद्ध माझी तक्रार आहे, आणि ती मी आज मांडणार आहे.

प्रकार आपल्या सर्वांच्या पाहण्यातला आहे. पावसाळा लागतो आणि घरातला कुत्रा खाजवू लागतो. पंजे चाटतो, कान झाडतो, पोट फरशीला घासतो. रात्री दोन वाजता त्याच्या गळ्यातल्या पट्ट्याची किणकिण घरभर ऐकू येते आणि मालकाची झोप उडते. ही झोप उडणे महत्त्वाचे आहे, कारण दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जी फिर्याद दाखल होते ती वस्तुतः कुत्र्याची नसते, झोपमोड झालेल्या माणसाची असते. डॉक्टर लांबूनच पाहतात, ‘स्किन इन्फेक्शन दिसतेय’ किंवा ‘अ‍ॅलर्जी आहे’ म्हणतात, आणि एक इंजेक्शन देतात. त्या रात्री कुत्रा गाढ झोपतो. मालकही झोपतो आणि डॉक्टरच्या हाताला गुण आहे असे शेजारीपाजारी सांगत सुटतो. महिना-सव्वा महिन्याने किणकिण पुन्हा सुरू होते. पुन्हा दवाखाना, पुन्हा तीच सुई. असे दोन-तीन वर्षे चालते. आणि मग एके दिवशी तेच डॉक्टर खेदाने सांगतात, ‘केस फार किचकट आहे हो, निदानच होत नाही.’

निदान होणार कसे? त्या इंजेक्शनात बहुधा स्टेरॉइड असते, आणि तेही अंगात तीन ते सहा आठवडे रेंगाळणारे. स्टेरॉइड खाजेचे कारण शोधत नाही. ते शरीराची प्रतिकार करण्याची यंत्रणाच गप्प बसवते. सूज उतरते, लाली जाते, खाज थांबते. कारण पिसू असो, किडा असो, बुरशी असो की अन्न असो, पहिल्या रात्रीचा परिणाम पुष्कळदा सारखाच. एकेकाळी मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायांना तान्ही मुले सांभाळायला कोणी नसे. त्या मुलांना अफूची बाळागोळी देऊन निजवीत. मूल भुकेने रडत होते की पोटशुळाने, हा प्रश्न गोळीबरोबरच गिळला जाई. त्या बायांना निदान पोटाच्या खळगीची सबब होती. फ्लॅटमध्ये लॅब्राडोर पाळणाऱ्यांना ती नाही.

ह्या प्रकरणात मी पडलो तो मोत्यामुळे. माझ्या भाच्याची परदेशात बदली झाली आणि त्याचा सहा वर्षांचा, नावाला सरळ पण कुळाला मिश्र असा हा कुत्रा माझ्याकडे आला. बरोबर एक पिशवी आली. तिच्यात दवाखान्यांच्या अकरा चिठ्ठ्या होत्या. अकराही मी वाचल्या. तारीख होती, वजन होते, पैसे घेतल्याची नोंद होती. रोगाच्या जागी कुठे ‘स्किन’, कुठे ‘इचिंग’, आणि एका ठिकाणी नुसते प्रश्नचिन्ह. औषधाच्या जागी ‘इंजेक्शन दिले’. कोणते, किती, किती दिवस टिकणारे, ह्याचा पत्ता नाही. मनुष्याच्या दवाखान्यात असे केस-पेपर कोणी लिहिले तर वर्तमानपत्रात पत्रे येतील. इथे रोगी बोलत नाही आणि मालक विचारत नाही, म्हणून सारे खपून जाते.

मोत्याची अवस्था चिठ्ठ्यांपेक्षा स्पष्ट होती. तो बादलीने पाणी पिई आणि तेवढ्याच वेळा मुती. पोट लोंबत होते, पाय काटकुळे झाले होते. पाठीवरची कातडी चिमटीत धरली तर पतंगाच्या कागदासारखी पातळ लागे, आणि पोटावरून निळ्या शिरा दिसत. डोळ्यांभोवती, ओठांच्या कडेला आणि पुढच्या पायांवर केस गळून चट्टे पडले होते. त्यांवर काळे ठिपके, खपल्या आणि आंबूस घाण वास. आठ दिवसांत आमच्या सोसायटीच्या फलकावर सूचना लागली की एका सभासदाच्या कुत्र्यास खरूज झालेली असून लहान मुलांच्या आरोग्याच्या दृष्टीने त्याने तो आठवड्याच्या आत हलवावा. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५ सालच्या मार्गदर्शक सूचना पाळीव कुत्र्यावर अशी बंदी घालू देत नाहीत, हे मी दाखवून दिले. पण नियमाने जिना मोकळा झाला तरी जिन्यात भेटणाऱ्या माणसांची तोंडे मोकळी होत नाहीत. एका सद्‌गृहस्थांनी मोठ्या मायेने मला सल्ला दिला, ‘भाऊसाहेब, बरा होणारा नाही तो. झोपवून टाका. त्याचीही सुटका, तुमचीही.’

येथे ‘खरूज’ ह्या शब्दाची थोडी झडती घेतली पाहिजे, कारण त्या शब्दाने जेवढी कुत्री मारली आहेत तेवढी खुद्द खरजेने मारली असतील की नाही याची मला शंका आहे. आपल्याकडे केस गेलेले प्रत्येक कुत्रे ‘खरजुले’. रस्त्यावरचे असेल तर त्याच्यावर दगड पडतो. नाही तर कोणी दयाळू आत्मा गॅरेजमधून जळके ऑइल आणून त्याच्या अंगावर ओततो. ते तेल कुत्रा चाटतो आणि ते त्याच्या पोटात जाते. दयेचा हा प्रकार दगडाहून निराळा कसा, हे त्या कुत्र्यालाच ठाऊक. आता वस्तुस्थिती पाहा. ज्याला आपण खरूज म्हणतो त्यात निदान दोन अगदी वेगळे किडे आहेत. एक सार्कोप्टीस. हा गोलसर, कातडीत बीळ करून राहणारा, एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे झपाट्याने जाणारा, आणि माणसाच्या अंगावरही काही दिवस पुरळ उठवणारा. दुसरा डेमोडेक्स. हा लांबट, चिरुटाच्या आकाराचा, मिलिमीटरच्या पाव-एक भाग लांबीचा, केसांच्या मुळांशी राहणारा. हा पिल्लाला जन्मानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत, आईच्या अंगाशी पीत असताना मिळतो आणि बहुतेक निरोगी कुत्र्यांच्या अंगावर थोड्या संख्येने आयुष्यभर निमूटपणे राहतो. त्यापासून माणसाला धोका नाही. धडधाकट कुत्र्यालाही शेजारून गेल्याने तो रोग होत नाही. म्हणजे एका किड्यासाठी कुत्रा काही दिवस वेगळा ठेवणे शहाणपणाचे, आणि दुसऱ्यासाठी त्याला घराबाहेर काढणे ही निव्वळ क्रूरता. दोघांतला फरक कळायला सूक्ष्मदर्शक लागतो. फलकावर सूचना लिहायला मात्र खडूचा तुकडा पुरतो.

मोत्याला मी एका पशुवैद्यक महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेले. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिली वीस मिनिटे कुत्र्याला हातही लावला नाही. खाज प्रथम कोणत्या वयात सुरू झाली? आधी खाज की आधी चट्टे? कोणत्या ऋतूत वाढते? घरातल्या कोणाला खाज आहे का? हे प्रश्न त्यांनी विचारले आणि भाच्याला फोन लावून त्यांची उत्तरे मी मिळवून दिली. मग त्यांनी बारीक दातांच्या फणीने केस विंचरून पडलेली काळी धूळ ओल्या टिपकागदावर टाकली. धुळीभोवती तांबडा डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, कारण तिच्यात पचलेले रक्त असते. कानाची कड दोन बोटांत चोळून मागचा पाय आपोआप खाजवण्यासाठी उचलतो का ते पाहिले. तसे झाले तर सार्कोप्टीसचा संशय बळावतो. चिकटपट्टी कातडीवर दाबून काचेवर लावली. आणि शेवटी कातडीची घडी दाबून धरून, तेलाचा थेंब लावलेल्या बोथट पात्याने ती रक्ताचे बारीक ठिपके दिसेपर्यंत खरवडली. एका जागी नव्हे, सहा जागी. ही कामे करायला कुठलेही परदेशी यंत्र लागले नाही. सूक्ष्मदर्शक शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसाच होता.

त्यांनी मला भिंगातून पाहायला लावले. काचेवर लांबट, पुढच्या टोकाला आखूड पायांच्या चार जोड्या असलेले जीव सुस्तपणे हलत होते. एक नव्हे, डझनांनी. चिकटपट्टीवर जांभळ्या रंगात बुरशीच्या पेशी होत्या, तळाला पसरट आणि डोक्याला चिमटलेल्या; आंबूस वास त्यांचा. बाई म्हणाल्या, ‘पिल्लात हा किडा वाढला तर समजू शकते, त्याची प्रतिकारशक्ती कच्ची असते. पण सहा वर्षांच्या कुत्र्यात एकाएकी वाढला तर त्याला कोणी वाट मोकळी करून दिली, ते शोधावे लागते.’ पिशवीतल्या अकरा चिठ्ठ्या त्यांनी टेबलावर ओळीने मांडल्या आणि पुढे म्हणाल्या, ‘हा रोग ह्याला झालेला नाही. दिलेला आहे.’

हे वाक्य मी विसरू शकत नाही. अकरा सुयांनी जी खाज दाबली तिचे मूळ कारण तसेच राहिले, आणि वर दोन नवे रोग आले: एक किड्यांचा, एक स्टेरॉइडच्या अतिरेकाचा. मग त्या तिन्हींची गुंतवळ होऊन ‘निदान न होणारी केस’ तयार झाली.

आता ह्या विषयातली खरी अडचण सांगतो, म्हणजे डॉक्टरांवर अन्याय होणार नाही. कातडी ही फार थोड्या शब्दांत बोलणारी गोष्ट आहे. लाल होणे, खाजणे, केस गळणे, पुटकुळी, खपली, काळे पडणे, जाड होणे, वास येणे. एवढाच तिचा शब्दकोश. एवढ्या शब्दांत तिला पिसवांपासून गलग्रंथीच्या मंदपणापर्यंत सगळे सांगायचे असते. नायट्याची चाचणी म्हणून केस वाढीला ठेवले तर उत्तर यायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. सार्कोप्टीसचा किडा असूनही खरवडीत अनेकदा सापडत नाही, म्हणून नुसत्या संशयावर उपचार करून पाहावा लागतो. हवेतल्या धुळीची, परागांची, घरातल्या कीटकांची जी अ‍ॅलर्जी असते, तिला तर नक्की ठरवणारी एकही चाचणी नाही. बाकीचे सगळे एकेक करून वगळल्यावर जे उरते ते ती. तेव्हा हुशार डॉक्टरही पहिल्या दिवशी नाव सांगू शकणार नाही. माझे भांडण न कळण्याशी नाही. कळण्याच्या वाटाच बुजवण्याशी आहे. स्टेरॉइडच्या छायेत पिसवांनी खाजणे थांबते आणि अन्नानेही खाजणे थांबते. मग वगळायचे काय आणि ठेवायचे काय? बायॉप्सीला कातडीचा तुकडा पाठवावा तर त्यातल्या रोगाच्या खुणा औषधाने पुसलेल्या. थोडक्यात, साक्षीदाराचे तोंड बांधायचे आणि मग खटला पुराव्याअभावी अवघड आहे म्हणून हळहळायचे.

कोणी म्हणेल, स्टेरॉइडला तुम्ही विष ठरवता. मुळीच नाही. कॉर्टिझोनसाठी केंडाल, राइखश्टाइन आणि हेंच ह्या तिघांना १९५० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले ते फुकट नव्हे. कुत्र्याचे शरीर स्वतःच्याच कातडीवर उलटते अशा पेम्फिगससारख्या रोगांत हेच औषध त्याला जगवते. अ‍ॅलर्जीचे निदान झाल्यावर थोडे दिवस, तोंडाने, मोजून-मापून आणि हळूहळू कमी करत दिलेली प्रेड्निसोलोनची गोळी हा सरळ उपचार आहे. नाव कळल्यावर दिलेले औषध आणि नाव कळू नये अशा बेताने दिलेले औषध, बाटली एकच असली तरी, दोन निराळ्या वस्तू आहेत.

दुसरा आक्षेप अधिक आधुनिक आहे. आता खाजेवर नवी औषधे निघाली. अमेरिकेत २०१३ साली परवानगी मिळालेली ओक्लासिटिनिबची गोळी आहे, लोकिवेटमॅबचे इंजेक्शन आहे. स्टेरॉइडचे तोटे त्यांत नाहीत, मग कटकट कशाला? ही औषधे चांगली आहेत; मोत्यालाही त्यांचा आधार लागतो. परंतु तीसुद्धा खाजेचीच औषधे आहेत, कारणाची नव्हेत. ओक्लासिटिनिबच्या वेष्टनावर तर डेमोडेक्स वाढण्याचा धोका लिहिलेला असतो. तेव्हा जुनी सुई टाकून नवी गोळी आंधळेपणाने दिली तर आंधळेपणा महाग झाला, एवढाच फरक. तीच गोष्ट घरबसल्या अ‍ॅलर्जी शोधून देणाऱ्या केसांच्या आणि लाळेच्या चाचण्यांची. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन परीक्षणात अशा चाचणीकडे कुत्र्यांच्या नमुन्यांबरोबर नकली केस आणि पाणी पाठवले होते. खऱ्या कुत्र्यांचे निकाल आणि ह्या निर्जीव ‘कुत्र्यांचे’ निकाल ह्यांत फरक करता आला नाही. पाण्यालाही अ‍ॅलर्जी निघाली! आपला ज्योतिषी निदान जन्मवेळ तरी विचारतो.

तिसरा आक्षेप डॉक्टर मंडळींचा, आणि तो मला मनापासून पटतो. ते म्हणतात, ‘आम्ही खरवडून पाहू म्हटले तर मालक म्हणतो, आधी खाज थांबवा. काचपट्टीचे शे-दोनशे रुपये त्याला जड होतात. तेच पैसे सुईसाठी तो हसत देतो. आठ दिवसांनी पुन्हा या म्हटले तर तो दुसऱ्या दवाखान्यात जातो आणि तिथे सुई घेतो.’ हे खरे आहे. आपल्याला तपासणी नको असते, परिणाम हवा असतो, आणि तोही आज रात्री. मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालापासून उभे आहे. ह्या शास्त्राला आपल्याकडे वय नाही असे नव्हे. पण महाराष्ट्रात गावोगावचे जनावरांचे दवाखाने निघाले ते गाय, बैल, म्हैस ह्यांच्यासाठी, आणि ते योग्यच होते. कुत्र्याची कातडी हा विषय त्यात शेवटच्या बाकावर बसला. आता शहरांत घरोघर कुत्री आली, त्यांत ज्यांच्या जातीतच ही अ‍ॅलर्जी मुरलेली आहे असे लॅब्राडोर आणि पग आले; दवाखान्यांच्या पाट्या चकचकीत झाल्या; सूक्ष्मदर्शकावर मात्र टोपडे घातलेलेच राहिले. हे टोपडे काढायला लावणे मालकाच्या हाती आहे, कारण पैसे त्याच्या खिशातून जातात.

त्यासाठी लागते ते धैर्य नव्हे, चिकाटी. आणि चिकाटी किती लागते ह्याचा हिशेब मी देतो. मोत्याच्या सुया बंद झाल्या. बाहेरून मिळणाऱ्या स्टेरॉइडमुळे त्याच्या स्वतःच्या ग्रंथी निजलेल्या होत्या, म्हणून अशक्तपणा येतो का ह्यावर काही आठवडे नजर ठेवावी लागली. किड्यांसाठी महिन्याला एक गोळी; आयसॉक्सॅझोलिन जातीच्या ह्या गोळ्या गेल्या दहा-बारा वर्षांतल्या, आणि त्यांनी ह्या रोगाचे भय पुष्कळ कमी केले आहे. त्यांच्याने पिसू, गोचीड आणि सार्कोप्टीसही मरतात, म्हणजे संशयितांपैकी तिघे आयतेच बाद झाले. बुरशीसाठी आठवड्यातून दोनदा औषधी साबणाने आंघोळ. फेस दहा मिनिटे अंगावर राहिलाच पाहिजे, घड्याळ लावून. तिसऱ्या महिन्यात केस आले आणि सोसायटीतले तेच सद्‌गृहस्थ ‘बरा झाला की!’ म्हणाले. बाई मात्र दर महिन्याला खरवडतच राहिल्या, कारण केस आले म्हणजे किडे गेले असे होत नाही. महिन्याच्या अंतराने लागोपाठ दोन खरवडी कोऱ्या निघेपर्यंत उपचार थांबवायचा नाही, असा नियम आहे. पाचव्या महिन्यात तो पाळला गेला.

आणि मग, सुयांची छाया पुरती सरल्यावर, ती मूळची खाज पुन्हा उभी राहिली: पंजे, काखा, कान, पावसाळा. ह्या वेळी तिला कोणी दाबले नाही. तिला विचारले, की तू कोण?

अन्नापासून सुरुवात झाली. कुत्र्यांत अन्नाची अ‍ॅलर्जी बहुधा गोमांस, दूध, कोंबडी, गहू अशा रोजच्याच पदार्थांची असते. ‘तो तर हे लहानपणापासून खातोय’ हा बचाव तिथे चालत नाही. त्याने पूर्वी कधीच न खाल्लेले असे अन्न त्याला द्यायचे, आणि दुसरे काहीही नाही. किती दिवस? अभ्यासकांनी २०१५ साली उपलब्ध पुराव्यांची छाननी करून सांगितले की पाच आठवड्यांत ८० टक्क्यांहून अधिक आणि आठ आठवड्यांत ९० टक्क्यांहून अधिक अन्न-अ‍ॅलर्जीच्या कुत्र्यांना उतार पडतो. म्हणून आठ आठवडे. मोत्याने जन्मात मासळी पाहिली नव्हती. तेव्हा काटे काढलेली उकडलेली मासळी आणि रताळी. मराठी घरात एका कुत्र्याला आठ आठवडे एकाच अन्नावर ठेवणे हे काय दिव्य आहे, ते ज्याने केले त्यालाच कळेल. चहाच्या वेळी कपाळावर आठ्या घालूनही खाली सोडलेले बिस्किट, खालच्या पहारेकऱ्याची प्रेमाची पोळी, ‘एवढ्याश्या दुधाने काय होतंय’ म्हणणाऱ्या शेजारच्या आजी: एकेका मायाळू हातावर मला पहारा करावा लागला. एक बिस्किट म्हणजे सारी परीक्षा पुन्हा पहिल्यापासून. आठ आठवड्यांनी खाज तशीच होती. जुने अन्न परत सुरू केले, तरी तशीच. निष्फळ? अजिबात नाही. अन्न निर्दोष सुटले. उरले ते वातावरणातल्या कणांचे अ‍ॅलर्जीजन्य दुखणे. ते पुरते बरे होणारे नव्हे, आयुष्यभर सांभाळण्याचे आहे. पण सांभाळता येणारे आहे. मोत्या आजही खाजवतो. त्याच्या खाजेला आता नाव आहे, तिच्या वाढण्याचा महिना ठरलेला आहे, आणि तिच्यावरचे औषध कागदावर लिहिलेले आहे.

ह्यावर शेवटचा आणि सर्वांत ठसक्यातला आक्षेप येतो: एका कुत्र्यासाठी एवढा उपद्व्याप? माणसांना डॉक्टर मिळत नाहीत! मान्य. मग माणसांचेच पाहू. जांघेत नायटा झाला की आपला माणूस काय करतो? कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून एक मलम आणतो. त्यात बुरशीचे औषध, जंतूंचे औषध आणि जोडीला तेच आपले स्टेरॉइड. रात्रीत खाज थांबते. नायट्याची कडा पुसट होते, रूप बदलते, आणि आत तो पसरत राहतो. असल्या नायट्याला दोन ब्रिटिश डॉक्टरांनी १९६८ साली नाव दिले ‘टिनिया इनकॉग्निटो’, म्हणजे वेश पालटलेला नायटा. आज आपल्या देशात हा वेशांतराचा खेळ घराघरांत चालला आहे. भारतात फोफावलेल्या, नेहमीच्या टर्बिनाफिनला अनेकदा दाद न देणाऱ्या एका बुरशीला २०२० साली शास्त्रज्ञांनी नाव ठेवले तेही ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’, आपल्या देशाच्या नावावरून. तिच्या फैलावाच्या कारणांत ह्या मिश्र मलमांकडे त्वचारोगतज्ज्ञ बोट दाखवतात. केंद्र सरकारने २०१८ साली स्टेरॉइडच्या अनेक मलमांना ‘शेड्यूल एच’च्या कक्षेत आणले, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. नियम झाला, पण गिऱ्हाइकाची घाई नियमाने कमी होत नाही. तेव्हा कुत्र्याला एक न्याय आणि माणसाला दुसरा, असे आपण करत नाही. दोघांच्याही कातडीवर आपण एकच घाई चोळतो. कुत्र्याचा दोष एवढाच की त्याला ‘नको’ म्हणता येत नाही.

म्हणून माझी मागणी लांबलचक नाही. कुत्र्याच्या मालकाने दवाखान्यात तीन प्रश्न विचारावेत. सुई टोचण्यापूर्वी: हिच्यात काय आहे, आणि ते किती दिवस अंगात राहील? ती टोचून घेण्यापूर्वी: कातडी खरवडून काचेखाली पाहिली का? आणि दार सोडण्यापूर्वी: हे सगळे कागदावर लिहून द्याल का? ज्या डॉक्टरला हे प्रश्न अपमानाचे वाटतील त्याचा दवाखाना सोडावा. ज्याला ते आवडतील त्याची फी घासाघीस न करता द्यावी, आणि तो ‘अजून कळले नाही, पुन्हा या’ म्हणाला तर त्याच्याकडेच पुन्हा जावे. डॉक्टरांनी एवढेच करावे की ‘मला अजून कळले नाही’ हे वाक्य सुईने झाकू नये; त्या वाक्याने त्यांची अब्रू जात नाही. सोसायट्यांच्या चिटणिसांनी फलकावर ‘खरूज’ हा शब्द लिहिण्यापूर्वी कोणत्या किड्याची, हे तपासणीचा कागद हाती घेऊन लिहावे. आणि ‘झोपवून टाका’ म्हणणाऱ्या मायाळू लोकांनी हे ध्यानात ठेवावे की असाध्य म्हणून ज्या रोग्याची ते सुटका करू पाहतात, त्याला पुष्कळदा कोणी तपासलेलेच नसते.